तीन इंची पाइप घाट चढतो

मित्रांनो, मला एका जागी पडून राहणं कधीच मानवलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आळेफाट्यावर पप्पू वेल्डरचं दुकान आहे. त्याच्या दाराशी भंगाराचा ढीग आहे. त्या ढिगावर पोटात चेपलेला, टोकांना काळा पडलेला एक जुना तीन इंची लोखंडी पाइप आडवा टाकलेला दिसेल. तो मी. हमरस्त्यावरून मालट्रक गेला की जमीन थरथरते आणि मी खडखडतो. गिऱ्हाइकांना वाटतं, पप्पूनं ढीग नीट रचलेला नाही. तसं नाही. मला निघायचं असतं.

खरं तर मी जन्मलो तो पाण्यासाठी. कारखान्यात लाल तापलेली पट्टी गोल वळवून माझी कड जोडली आणि वितळलेल्या जस्तात मला बुचकळून काढलं. अंगावर असा पांढरा झळझळीत थर चढला की मी स्वतःवरच खूश झालो. मग माझ्यासारखे पुष्कळ भाऊ ट्रकात भरून निघाले. तो प्रवास मला इतका आवडला की आता जन्मभर असंच हिंडायचं, असं मी ठरवून टाकलं. आळे गावात हौशीरामच्या मळ्यावर आम्हाला उतरवलं आणि दुसऱ्याच दिवशी चर खोदून पुरलं.

त्या काळात कालव्याला पाणी आलं होतं आणि ज्याला त्याला पाइपलाइनचं वेड लागलं होतं. संध्याकाळी फाट्यावर चहा पिताना माणसं मुलाबाळांची चौकशी नंतर करायची, आधी पाइप किती इंची टाकला ते विचारायची. अडीच इंचीवाला जरा मागं बसायचा, चार इंचीवाला पुढं. पाइप जाड तेवढं पाणी जास्त, पाणी जास्त तेवढं पीक जास्त. यात खोटं काहीच नव्हतं. पण हा हिशेब त्या गावाच्या डोक्यात असा पक्का बसला की तो कुठं लावायचा आणि कुठं नाही, हे पुढं कुणी पाहीनासं झालं.

माझं नशीब एवढंच की मी लायनीतला शेवटचा होतो. माझं तोंड मातीबाहेर, हौदावर होतं. मोटर चालू झाली की विहिरीचं पाणी माझ्यातून धो-धो पळायचं. कुठल्या कुठं जायचं ते, कांद्यात, उसात, कडेच्या नारळापर्यंत. पाणी माझ्यातून जायचं आणि मी तिथंच. काय तळमळ व्हायची म्हणून सांगू.

दर उन्हाळ्याच्या तोंडाला कांदे काढायला डोंगरातली माणसं यायची. जुन्नरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या अगदी कडेला उंबरदरा नावाची वाडी आहे. तिथला चिमाजी आणि त्याची बायको कोंडाबाई वर्षानुवर्षं हौशीरामकडे यायचे. पावसात वर भात-नाचणी करायची, हिरडा गोळा करायचा आणि कांद्याच्या दिवसांत खाली उतरायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्यांची धाकटी पोर आरती माझ्या तोंडाशी बसून पाय धुवायची. एकदा धुवून झाले की पुन्हा मातीत बुडवून यायची आणि पुन्हा धुवायची. कोंडाबाई ओरडायची, "आगं, किती पाणी सांडतीस?" मग हौशीरामची बायको प्रयागबाई म्हणायची, "सांडू दे गं. हितं हाये म्हनून सांडती." त्या पोरीला पाण्याचं एवढं काय कौतुक, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग प्लॅस्टिकचे पाइप आले. हलके, स्वस्त, न गंजणारे. हौशीरामनं आम्हाला उकरून काढलं आणि गोठ्यामागं नेऊन टाकलं. कधी काळी ज्याच्या जाडीची फाट्यावर वाखाणणी व्हायची, त्या माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी मातीत होतो तेव्हा निदान पाणी तरी पळत होतं. आता तेही नाही. वर्षं गेली. मी गंजलो नाही, पण आतून पार उबून गेलो.

आणि मग तो ट्रक आला.

हौशीराम माझ्यासारखाच. त्यालाही शांत बसवत नाही. लष्कराच्या लिलावातून त्यानं एक जुना दणकट ट्रक उचलून आणला. चारही चाकांना जोर, आणि पुढं आठ सिलिंडरचं इंजिन, चार डावीकडे अन् चार उजवीकडे. अशा इंजिनाला धुराच्या दोन वाटा असतात. डाव्या बाजूचा धूर उजवीकडे आणून दोन्ही एकत्र सायलेन्सरला सोडायचे, तर इंजिनाच्या खालून एक आडवा पाइप लागतो. तो पाइप दिसत नाही, त्याचं नावही कुणी घेत नाही, पण तो बिघडला की आठ सिलिंडरचं बळ मातीमोल. हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा मी फक्त गोठ्यामागून त्या इंजिनाचा आवाज ऐकायचो आणि जळायचो.

हौशीरामनं ट्रकवर पाण्याची टाकी बसवली आणि टँकर चालवायला लागला.

२००१ सालच्या होळीनंतर चिमाजी आणि कोंडाबाई आले, ते या वेळी कांद्यासाठी नाही. बोलाचाली गोठ्याजवळच झाली, म्हणून मला शब्द न् शब्द ठाऊक आहे. आरतीचं लग्न ठरलं होतं. मुलाचं गाव डोंगर उतरून जुन्नरच्या वाटेवरच. सगळं जुळलं होतं, आणि तरी कोंडाबाईचं तोंड उतरलेलं होतं.

"काय झालं?" प्रयागबाईनं विचारलं.

"हळदीचं कसं करावं म्हनते," कोंडाबाई म्हणाली. "थोरल्या दोघींची हळद पायथ्याच्या गावात केली. वाडीत पाणीच नसतं वैशाखात. पोरी परक्याच्या दारात न्हाल्या अन् तिथनंच सासरी गेल्या. माझ्या दारातनं एक बी न्हाई गेली."

त्यांच्यात हळद लागल्यावर नवरीला दारात पाटावर बसवून न्हाऊ घालतात. ते पाणी उंबऱ्यावरून अंगणात वाहायला पाहिजे, मग पोर घरातून निघाली असं मानायचं. उंबरदऱ्याच्या बायका वैशाखात एकेका हंड्यासाठी घाट उतरून खाली जात. तिथं दारात पाणी वाहवायचं म्हणजे मागणं केवढं, ते कोंडाबाईलाही कळत होतं. म्हणूनच ती ते इतकं हळू बोलली.

प्रयागबाईनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"माझी गाडी कशाला हाये मंग?" हौशीराम म्हणाला. "हळदीच्या दिशी वाडीत पाणी मी आनतो."

"आजवर एक बी टँकर वर चढला न्हाई, भाऊ," चिमाजी म्हणाला. "कच्ची वाट. लई चढ हाये."

"ही चढंल."

शब्द देऊन झाला. मला गोठ्यामागं पडल्या पडल्या असं वाटलं, की आपणही त्या गाडीबरोबर जावं. वेडेपणाच, पण वाटलं खरं.

हळदीला आठवडा उरला आणि ट्रकचा तो आडवा पाइप फुटला. गंजून त्याची पार चाळण झाली होती. गाडी चढाला धापा टाकायला लागली. हौशीरामनं पुण्याला जाऊन जुन्या बाजारातून मूळ मापाचा एक पाइप शोधून आणला. दोन इंची, दोन्हीकडे हलका बाक दिलेला. पप्पूच्या दुकानापुढं तो मांडला, तशी माणसं गोळा झाली. शेजारचा धर्माजी त्यात पुढं. धर्माजीची लाइन चार इंची आहे, आणि ही गोष्ट तो कुणालाही विसरू देत नाही.

"हे काय आनलंस राव?" त्यानं पाइप हातात घेऊन तोलला. "उसाचं कांडं हाये का काय? आठ सिलिंडरचा धूर ह्येच्यातनं जायचा म्हंजी इंजिन गुदमरंल. आपल्या पंपाचं काय व्हतं? पाइप बारीक केला की मोटर दमती का न्हाई?"

"दमती," हौशीराम म्हणाला.

"मंग?"

हौशीराम विचारात पडला. पप्पूनं जन्मभर पाइपलाइनचीच जोडकामं केली होती, त्यालाही ते पटलं. "तीन इंची घाला," तो म्हणाला. "धूर मोकळा गेला की गाडी आपुन पळंल."

प्रयागबाई बाजारहाटाची पिशवी घेऊन तिथं आली होती. ती म्हणाली, "जुना पाइप ह्या एवढाच व्हता ना? त्येच्यावर तर गाडी इतकी वर्सं चालली."

"चालली गं," हौशीराम म्हणाला. "पन आता चढायचीये."

यावर सगळी माणसं अशी हसली, की जणू निकालच लागला. मूळ मापाचा पाइप बिचारा कोपऱ्यात उभा राहिला. आणि तेवढ्यात हौशीरामला मी आठवलो.

मित्रांनो, कोंबड्यांच्या पिसांतून मला ओढून काढलं, तेव्हाचा माझा आनंद काय सांगू. पप्पूनं मला मापाला कापलं. मला बाक देता येईना, म्हणून पाइपलाइनला लावतात तसे काटकोनी एल्बो माझ्या दोन्ही टोकांना जोडले. अंगावरचं जस्त जळून पांढरा धूर निघाला आणि पप्पू संध्याकाळपर्यंत खोकत बसला. पण मी बसलो. इंजिनाच्या पोटाखाली, पुढच्या चाकांच्या ॲक्सलच्या वर. पप्पू गाडीखाली आडवा झाला आणि त्यानं हात घालून पाहिलं.

"चार बोटं फट हाये खाली," तो म्हणाला. "लई झाली."

गाडी सपाटीला उभी होती आणि टाकी रिकामी होती. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण कुणाच्याच लक्षात आलं नाही.

इंजिन सुरू झालं. मी पाणी ओळखत होतो, थंड, जड, मुकाट. हा धूर म्हणजे नुसती आग, आणि ती थांबतच नव्हती. अंग भाजून निघालं, तरी मला हसू फुटत होतं. मोठ्या पाइपातून आवाजही असा दणदणीत निघाला की फाट्यावरची माणसं चहाचे कप हातात घेऊन बाहेर आली. यात्रेत बैलगाडा सुटल्यावर ओरडतात तसं दोघंतिघं ओरडलेसुद्धा. हौशीराम गाडी पार बोरीच्या रस्त्यापर्यंत पळवून आला. "बघितलं का?" तो खाली उतरून म्हणाला. धर्माजीनं अशी मान हलवली की इंजिन त्यानंच बनवलंय.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. प्रयागबाई शेजारी बसली होती. लग्नाच्या आहेराला घेतलेला नवाकोरा तांब्याचा हंडा तिनं मांडीवर धरला होता. नारायणगाव गेलं, जुन्नर आलं. पोटाखालून मला फक्त रस्ता दिसायचा, पळणारा. वर प्रयागबाई म्हणाली, "तो बगा लेन्याद्रीचा डोंगर," आणि तिच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिनं हात जोडले असणार. माझ्या आयुष्यातले तेच सगळ्यात सुखाचे तास. मी हिंडत होतो, कामाचा होतो, आणि माझ्यामुळं एका पोरीच्या दारात पाणी वाहणार होतं.

जुन्नर मागं टाकल्यावर एका ओळखीच्या विहिरीवर गाडी उभी केली आणि टाकी भरायला लावली.

पाणी पडू लागलं तसे ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे दबायला लागले. गाडी हळूहळू खाली बसत होती. माझ्याखालचा ॲक्सल मात्र आपल्या जागीच. चार बोटं फट होती, तिची तीन झाली, दोन झाली. टाकी वरून वाहायला लागली तेव्हा आमच्यात जेमतेम एक बोट उरलं होतं. हौशीराम विहिरीच्या काठावर बसून भाकरी खात होता. त्यानं खाली वाकून एकदा पाहिलं असतं तरी पुरे होतं. पण लोखंडाला कुठली वाचा? मी नुसता तापत आणि निवत राहिलो.

डांबरी रस्ता होता तोवर निभलं. वाडीची कच्ची वाट लागली, पहिला खड्डा आला, आणि ॲक्सल खालून माझ्या पोटावर आदळला.

"खाली कायतरी वाजतंय," प्रयागबाई म्हणाली.

"दगड उडाला आसंल."

पुन्हा खड्डा, पुन्हा दणका. मग प्रत्येक दगडाला एक. चढ वाढत होता, हौशीराम गाडी रेटत होता आणि माझं पोट आत आत जात होतं. धुराला वाट अरुंद झाली. जो धूर मोकळा जावा म्हणून मला बसवलं, तोच आता माझ्यात अडून इंजिनावर उलटत होता.

"अवो, दगड काय सारखा त्याच जागी उडतोय का?" प्रयागबाई म्हणाली. "थांबा अन् बघा."

"आता थांबलो तर भरलेली गाडी पुन्हा उचलायची न्हाई. पोचू दे."

चुकीचं नव्हतं तेही. पण वाडी दोन वळणांवर आली असताना एक मोठा खडक वाटेत आडवा आला, पुढचं चाक त्यावर चढलं आणि उतरलं. ॲक्सलनं मला असा ठोसा दिला की डाव्या एल्बोचं वेल्डिंग उकललं. पेटता धूर सरळ बाहेर, आणि समोरच ब्रेकची रबरी नळी. जळक्या रबराचा वास केबिनमध्ये शिरला. हौशीरामनं गाडी थांबवली, उडी मारली आणि चाकांमागं दगड लावले. मग तो खाली सरपटत आला.

त्यानं मला पाहिलं. माझं चेपलेलं पोट, ॲक्सलवरची ताजी चमकती घासण, नरम होऊन फुगलेली नळी. त्याला सगळं एका क्षणात कळलं.

बाहेर येऊन त्यानं पाना घेतला आणि बाहीला फडकं गुंडाळून मला सोडवायला लागला. "काढून टाकतो ह्येला. तसाच जातो. दोनच वळणं राह्यलीत."

"नळी अर्धी जळालीये ना?" प्रयागबाई म्हणाली. "उघड्या धुरानं उरलेली बी जाईल. वर चढताना बिरेक गेला तर? पोरीच्या हळदीला आपलं मढं न्यायचं का?"

"मंग काय माघारी जाऊ? शबुद दिलाय मी."

"गाडी वर न्यायचा शबुद दिला व्हता का पाणी वर न्यायचा?"

त्यानं मला सोडवून बाजूच्या दगडांत टाकलं. प्रयागबाई खाली उतरली. तिनं तो आहेराचा हंडा टाकीच्या नळाखाली धरला आणि काठोकाठ भरला. पदराची चुंबळ केली.

"तू वाहनार?" हौशीराम म्हणाला. आळ्याला तिच्या घरी नळ होता, विहीर होती, दोन गडी होते. लग्न होऊन आल्यापासून तिनं डोक्यावर हंडा घेतला नव्हता. "वाडीतली मानसं काय म्हनतील?"

"पाणी आलं म्हनतील," प्रयागबाई म्हणाली. "उचलू लागा."

त्यानं हंडा उचलून तिच्या डोक्यावर दिला आणि ती चढाला लागली. पाय सराईत नव्हते, पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावरून ओघळत होतं, आणि ती थांबत नव्हती. मी तिथं दगडांत पडलो होतो. इतकं काम कुणाला करताना पाहून आपण स्वस्थ पडून राहायचं, याचा मला पहिल्यांदाच राग नाही आला, लाज वाटली.

वाडीला आमचा आवाज डोंगराखालपासून ऐकू जात होता. तो मधेच बंद पडला, तेव्हा सगळे अंगणात येऊन उभे राहिले होते. चिमाजी धावतच खाली यायला निघाला. वळणावर त्याला प्रयागबाई भेटली, डोक्यावर हंडा घेतलेली. तो तिच्या डोक्यावरचा हंडा घ्यायला लागला, तर ती म्हणाली, "हा ऱ्हाऊ द्या. हा मी दारात उतरवनार. तुमी खाली जा, टाकी भरलेली हाये."

मग वाडी लोटली. बायका हंडे-कळशा घेऊन, बाप्ये डबे आणि पत्र्याचे पिंप काठीला अडकवून. एरवी याच बायका या पाण्यासाठी अख्खा घाट उतरायच्या, त्यांना दोन वळणं म्हणजे अंगणच. चेष्टामस्करी करत, एकमेकींना ढकलत त्या ये-जा करू लागल्या. हौशीराम आधी नुसता नळाजवळ उभा होता, खाली मान घालून. मग त्यानं एक डबा खांद्यावर टाकला आणि तोही निघाला. परत आला तेव्हा त्याचा सदरा भिजून चिंब झाला होता आणि तो कुणाशी तरी हसून बोलत होता.

उन्हं कलली तेव्हा वरून वाजंत्री ऐकू आली. मला काही दिसलं नाही. पण थोड्या वेळानं वाटेच्या कडेनं, दगडाच्या खाचेतून, पिवळसर पाण्याचा एक बारीक ओघळ खाली येताना दिसला असता तर किती बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. तसं काही झालं नाही. डोंगराची तहानलेली माती ती, तिनं अंगणातच पिऊन टाकलं असणार. पण शेवटची कळशी न्यायला आलेली एक बाई म्हणाली, "न्हाली पोर. दारात निस्तं पाणीच पाणी झालं," आणि मला ते पुरलं.

त्यानंतर कोंडाबाई स्वतः खाली आली. प्रयागबाई तिच्याबरोबर होती. कोंडाबाईचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. तिनं ट्रकच्या तोंडाला हळदीची बोटं ओढली. तिला पाहून हौशीराम ओशाळला आणि त्यानं माझ्यावर राग काढला. पायानं मला ढकलत तो म्हणाला, "ह्या पाइपानं घात केला. न्हाईतर गाडी तुमच्या दारात उभी केली असती."

कोंडाबाई खाली वाकली. तिनं माझ्या चेपलेल्या पोटावरून हात फिरवला. मी निवलो होतो.

"हा तर तुमच्या हौदावरचा," ती म्हणाली. तिनं मला कसं ओळखलं, कोण जाणे. "चांगला व्हता की हा. ह्येचं काय चुकलं? जिथं बशिवला तिथं बसला."

"जागा अपुरी पडली," हौशीराम म्हणाला. "रिकाम्या गाडीत बघितलं आमी. वझं पडल्यावर काय व्हईल, ते न्हाई बघितलं."

हे ऐकून कोंडाबाईचा हात माझ्यावरच थांबला. मग तिनं वर वाडीकडे पाहिलं.

"आमी बी घर बघून आलो, बाई," ती प्रयागबाईला म्हणाली. "दार मोठं हाये. वावर हाये. मानसं ग्वाड बोलली. च्या पाजला. पन वझं पडल्यावर ती मानसं कशी ऱ्हातात, ते आमी तरी कुठं बघितलंय? मला सकाळधरनं त्येच लागून ऱ्हायलंय. पाण्याचं निमित्त करून बसले व्हते."

वाजंत्री चालूच होती.

प्रयागबाईनं तिच्या शेजारी दगडावर बसकण मारली. "तिचं गाव आमच्या टँकरच्या वाटंवरच हाये," ती म्हणाली. "उनाळ्यात गाडी जाती तवा मी बसून येत जाईन. पावसाळ्यात यष्टीनं येईन. च्या प्यायला न्हाई, तिला बघायला. काय वाईट दिसलं तर तुला सांगंन अन् त्यांना बी सांगंन."

"खरं का?"

"आज हंडा वाह्यला न्हाई का मी?"

कोंडाबाईनं पदरानं डोळे पुसले. हात पिवळे होते, त्यामुळे तोंडावर हळद लागली आणि दोघीही हसल्या. उठताना तिनं एक पिवळं बोट माझ्यावरही ओढलं. मित्रांनो, कारखान्यातल्या जस्तानंसुद्धा मी इतका उजळलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. आरती आपल्या दारातून निघाली. निरोप मिळाल्यावरून पप्पू मोटारसायकलवर नवी नळी आणि तो कोपऱ्यात टाकलेला दोन इंची बाकदार पाइप घेऊन आला. पाइप जागी बसवून तो खालची फट बघायला वाकणार, तेवढ्यात हौशीरामनं त्याला थांबवलं. टाकी तर रिकामी झाली होती. म्हणून त्यानं वऱ्हाडातली माणसं हाका मारून बोलावली आणि टँकरवर चढवली. फेट्यांसकट, मुलांसकट, सनईवाल्यासकट. पाटे चांगले दबले, तेव्हा म्हणाला, "आता घाल हात." पप्पूनं हात घातला. त्या बाकाखाली भरपूर फट होती. वरची माणसं उतरायला तयार होईनात, ती वेगळी गंमत.

मला त्यांनी परत आणलं आणि या ढिगावर टाकलं. आता मी कशाला जोडण्याजोगा राहिलो नाही. पप्पू मात्र मला विकत नाही. कुणी गाडीला काही बसवायला आलं की तो माझ्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "गाडी भरून आनलीये का?" रिकामी असेल तर त्यांना माघारी पाठवतो. त्याचं बरंच गिऱ्हाईक त्यामुळे तुटलं, असं तो कुरकुरत सांगतो, पण विचारायचं सोडत नाही.

टँकर अजून फाट्यावरून पश्चिमेला जातो. केबिनमध्ये कधी कधी प्रयागबाई असते. परतताना गाडी इथं थांबली की पप्पू विचारतो, "कशी हाये पोरगी?" एकदा ती म्हणाली, "बरी हाये." एकदा खाली न उतरताच घराकडे गेली, आणि पुढच्याच दिवशी पुन्हा यष्टीनं तिकडं निघाली. त्या दिवशी मी इतका खडखडलो की पप्पूनं येऊन ढीग नव्यानं रचला. ती संध्याकाळी परतली तेव्हा आरती तिच्याबरोबर होती, चार दिवस राहायला. त्यानंतर तिच्या सासरचं कुणीतरी न्यायला आलं, पोरीला कसं वागवायचं यावर बराच वेळ बोलणं झालं आणि आरती गेली. आता प्रयागबाई पूर्वीपेक्षा जास्त वेळा तिकडं जाते.

मित्रांनो, मी जाड होतो, मजबूत होतो, आणि चुकीच्या जागी होतो. माझं ऐकाल तर वस्तू असो की माणूस, कुठं जोडायच्या आधी ओझ्यासकट माप घ्या. जाडी बघून भुलू नका, आवाज ऐकून तर मुळीच नाही. आणि इतकं करूनही चुकतं कधी कधी. म्हणून जोडून झालं की हात झटकून निघून जाऊ नका. गाडी भरलेली असताना, चढ लागलेला असताना, एकदा थांबा आणि खाली वाकून बघा. खाली जे असतं ना, त्याला वाचा नसते.